वैकुंठरथ वगळून

काकूंच्या व्हरांड्यात चपला काढायलासुद्धा नियम होता. सम तारखेला दाराच्या उजवीकडे, विषम तारखेला डावीकडे. दोन्ही बाजूंना पिवळ्या ऑइलपेंटचे पट्टे मारलेले होते. मी भाड्याची खोली बघायला गेलो तो दिवस नेमका विषम निघाला आणि मी आपला उजव्या हाताला चपला काढून आत गेलो. बोलणी झाली, चहा झाला, बाहेर येऊन बघतो तर चपला गायब.

"फाटकाभाईर हायेत," काकू म्हणाल्या. "उचलून ठिवल्या. पयली येळ हाय म्हनून दंड न्हाई."

मला वाटलं, बाई विनोद करतायत. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मी खोली घेतली ती केवळ दुसरी मिळत नव्हती म्हणून.

गाव प्रवरेकाठचं, तालुक्याचं. मी तिथल्या नगरपालिकेत नगररचनेच्या टेबलावर नवा रुजू झालेलो, मूळचा खर्ड्याकडचा. आमच्या भागात रस्ते मोकळे असतात, कारण त्यांच्यावरून जायला फारसं कुणी नसतं. इथं मात्र भर पेठेत उसाच्या ट्रॉल्या, भाजीच्या हातगाड्या, आडव्या लावलेल्या मोटरसायकली आणि त्यांच्यामधून वाट काढणारी शाळेची पोरं असा सगळा काला असायचा. रुजू झालो त्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांनी मला गावाचा नकाशा दिला आणि म्हणाले, "बांधकाम समितीच्या सभापतींना भेटून घ्या. कडक आहेत." मी भेटायला गेलो, तर खुर्चीत काकू.

"या साहेब, बसा," त्या म्हणाल्या. मला, ज्याच्या चपला त्यांनी आदल्या दिवशी फाटकाबाहेर ठेवल्या होत्या त्याला, साहेब!

हा त्यांचा दुसरा नियम. पालिकेत त्या मॅडम आणि मी साहेब. बोलणंही अगदी पुस्तकी, 'आहे' आणि 'नाही'वालं. घरी त्या काकू आणि मी 'अरे'. घरी पालिकेचा विषय काढला की त्या हात वर करायच्या. "त्ये पालिकेत. हितं पान्याची मोटर लावली का सांग." आणि पालिकेत चुकून कधी मोटरीचा विषय निघाला की, "साहेब, तो विषय घरी." गावात कुजबुज होती की सभापतीबाई भाडेकरूकडून घरबसल्या नकाशे फिरवून घेतात. लोकांना काय माहीत! घरात आमचं बोलणं पाण्याच्या टाकीपलीकडं कधी गेलंच नाही. सुरुवातीला मी इतका गोंधळायचो की एकदा भर सभेत त्यांना काकू म्हणालो आणि घरी आल्यावर मॅडम. दोन्ही ठिकाणी बोलणी खाल्ली.

जागा महिला राखीव झाली म्हणून त्या निवडून आल्या होत्या. सगळ्यांचा अंदाज, सही बाईंची आणि कारभार काकांचा. पण काका एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. जन्मभर स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारून पुकारून त्यांच्याकडं घरी बोलायला काही शिल्लक राहिलं नव्हतं. निवृत्तीनंतर पुढच्या खोलीत खिडकीशी खाटेवर बसून ते रस्त्याकडं बघायचे. त्यांच्या चपलांना मात्र सम-विषम लागू नव्हतं. दाराच्या अगदी कडेला त्यांचा वेगळा चौकोन होता. मी एकदा विचारलं, तर काकू म्हणाल्या, "त्यो आरक्षित हाय."

पेठेत एकेरी वाहतूक करायचं खूळ काकूंच्या डोक्यात आलं ते एका बाळंतपणामुळं. भर हंगामात उसाची ट्रॉली पेठेत फसली, मागं रुग्णवाहिका, आणि आत अडलेली बाई. ट्रॉली काही हलेना. शेवटी पेठेतल्या कापडवाल्या शेठच्या दुकानासमोर गाडीतच ती बाळंत झाली. मायलेकरू सुखरूप. शेठनं ताग्यातलं नवंकोरं कापड फाडून दिलं, पेढे वाटले, आणि त्या मुलीला गाव आजही शेठची पोरगी म्हणतं. सगळे हसले आणि विसरले. काकू विसरल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्या चौकात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायला लागल्या. मांडीवर मेथी. मेथी निवडता निवडता वाहतूक बघायची, ही त्यांची पाहणी. समितीच्या बैठकीत त्यांनी निष्कर्ष सांगितला, "बाजाराच्या दिवशी एक जुडी निवडून संपते, तरी ट्रॅक्टर शेठच्या दुकानापासून मारुतीच्या देवळापर्यंत पोचत नाही." आमचे अभियंते हे टिपून घेत होते. जुडीचं मिनिटांत रूपांतर कसं करायचं, असं त्यांनी मला कानात विचारलं. मला काय ठाऊक? मी म्हटलं, जुडी केवढी त्यावर आहे.

तरी आराखडा झाला. पेठेच्या रस्त्यावर नदीकडून चौकाकडं यायचं, चौकाकडून नदीकडं जायचं नाही. जाणाऱ्यांनी स्टँडवरून, बाहेरच्या रस्त्यानं, नव्या पुलाजवळून वळसा घालायचा. गाड्या लावायच्या त्या सम-विषम तारखेनं, हे कुठून आलं ते मला एकट्यालाच माहीत होतं. भाजीवाल्यांना जुन्या तालमीमागची जागा. शेठ आणि पेठेतले दुकानदार खवळले. गिऱ्हाईक वळसा घालून येईल कशाला, ते सरळ संगमनेरला जाईल, असं त्यांचं म्हणणं.

नकाशा टेबलावर पसरला की काकूंचं बोट ठरलेल्या ठिकाणी जायचं. त्यांचं घर पेठेच्या खालच्या टोकाला. बोट घरावर टेकायचं, तिथून नदीकडं सरकायचं, आणि घाटाच्या अलीकडं थांबायचं. मग त्या बोट उचलून पदराला पुसायच्या. मला वाटायचं, शाई लागत असेल.

घाटावर अमरधाम होतं, गावाचं स्मशान. काकूंच्या घरापासून सरळ खाली, चालत गेलं तरी चटकन येणारं. आता हल्ली खांदा देणारे कमी झालेत, सगळीकडं पालिकेचा वैकुंठरथ बोलावतात. तो म्हणजे गाडीच, आणि एकेरी रस्त्यावर तोही उलट्या दिशेनं जाऊ शकणार नव्हता. हे माझ्या वेळेवर लक्षात आलं याचा मला केवढा अभिमान वाटला होता! ठरावाच्या मसुद्यात मी नीट लिहिलं, 'रुग्णवाहिका व वैकुंठरथ वगळून'. काकूंनी मसुदा वाचला, पेन घेतलं आणि 'व वैकुंठरथ' यावर काट मारली.

"मॅडम, चुकून काट बसली," मी म्हणालो.

"चुकून नाही," त्या म्हणाल्या. "पुढचा विषय घ्या."

काका तेव्हा आजारी होते, हे इथं सांगितलं पाहिजे. छातीचं दुखणं. नगरला मोठ्या दवाखान्यात नेऊन आणलं होतं, आणि डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं होतं. घरी घेऊन जा म्हणजे काय ते सगळ्या गावाला कळतं. खिडकीतली खाट तशीच होती, फक्त काका आता बसत नव्हते, झोपून असत. त्यांचा खोकला वर माझ्या खोलीत ऐकू यायचा.

सर्वसाधारण सभेत शेठ उभे राहिले. माणूस व्यापारी, पण वाईट नव्हे. "मॅडम," ते म्हणाले, "बाकी सगळं राहू द्या. पण अमरधामचा रस्ता तुमी बंद करताय. जन्मभर माणूस वाकडा चालतो, शेवटी तरी त्याला सरळ जाऊ द्या." लोक हसले, आणि मग हसायचे थांबून काकूंकडं बघायला लागले, कारण कुणाच्या घरात काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं.

काकू म्हणाल्या, "मेलेल्याला कसली घाई? आधी जिवंत माणसं दवाखान्यात पोचू द्या."

ठराव प्रायोगिक तत्त्वावर मंजूर झाला. मला त्या दिवशी काकूंचा राग आला, हे सरळ सांगतो. हट्टी माणसं मी पाहिलीत, आमच्याकडं त्यांचं चांगलं पीक येतं. पण हा कसला हट्ट? स्वतःच्या घरासमोरचा रस्ता, स्वतःचा नवरा अंथरुणावर, आणि एक शब्द राहू द्यायला हात धजत नाही?

प्रयोग सुरू झाला आणि चालला, हीच तर पंचाईत. पेठ खरंच मोकळी झाली. ट्रॉल्या बाहेरून जायला लागल्या, रुग्णवाहिका सुळकन जायची. शेठचं गिऱ्हाईकही कमी झालं नाही, उलट बायका रस्त्यात उभ्या राहून काचेतल्या साड्या बघायला लागल्या. पण माणसं मरायची थांबत नाहीत. वरच्या आळीतली एक म्हातारी गेली, तिला साऱ्या गावाला वळसा घालून न्यावं लागलं. संध्याकाळी तिचा मुलगा ओल्या अंगानं काकूंच्या फाटकाशी आला आणि नाही नाही ते बोलला.

"माझ्या आयला गावभर वरात काढल्यावानी फिरवली तुमी! नदी समोर दिसत हुती, समोर! तुमच्या घरात असं झालं म्हंजी कळंल."

काकू पायरीवर उभ्या राहून ऐकत होत्या. त्याचं संपल्यावर आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. तो पाणी न पिता निघून गेला. आत काका खोकत होते. मी जिन्यात उभा होतो. मला वाटलं, आता तरी बाई उद्या दुरुस्ती मांडतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी पालिकेत भाजीवाल्यांच्या ओट्यांचा विषय घेतला.

काका गेले ते पहाटे. पुण्याहून लेक आली, नातेवाईक आले, व्हरांडा चपलांनी भरला. त्या दिवशी सम-विषम कुणी पाळलं नाही आणि काकूंनीही काही उचललं नाही. फक्त कडेच्या चौकोनात कुणीतरी बूट काढले होते, ते त्यांनी वाकून बाजूला सरकवले.

वैकुंठरथ फाटकाशी लागला तेव्हा पेठेतली निम्मी दुकानं बाहेर येऊन उभी होती. सगळ्यांना एकच बघायचं होतं, आता काय होतं ते. कोपऱ्यावरचा हवालदार पाठ करून उभा राहिला, म्हणजे त्यानं त्याच्यापरीनं परवानगी दिली होती. गाडीवाला काकूंपाशी आला. "काकू, सरळ घेतो खाली. कोन काय म्हनत न्हाई."

"वरनं," काकू म्हणाल्या.

"अवो, समोर तर नदी हाय."

"वरनं."

मग शेठ पुढं आले. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते नाटक नव्हतं. "काकू, माझं ऐका. सभेतलं सभेत. आज सरळ जाऊ द्या. न्हाईतर आमी खांद्यावर नेतो, चालनाऱ्याला वन-वे नसतोय."

"खांदा कोन देनार?" काकू म्हणाल्या. "त्यांच्या जोडीचे समदे गुडघ्याला तेल लावून बसल्यात. आन त्या म्हातारीला कुनी खांदा दिलता?"

"आई, अगं काय चालवलंयस तू हे?" लेक ओरडली. "बाबांना असं फिरवायचं?"

बायका फाटकापर्यंतच जातात, काकू फाटकात उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर करून चौकाची दिशा दाखवली. गाडी वर वळली. नदी मागं राहिली.

मी मागोमाग एकाच्या मोटरसायकलवर होतो. चौक, मग स्टँड. स्टँडवर कुणीतरी ओळखलं. माइकवरची पुकार थांबली, ड्रायव्हर-कंडक्टर गाड्यांतून उतरून रांगेत उभे राहिले. जुने हमाल टोप्या काढून पुढं आले. तिथं अनेकांना रडू फुटलं, मलाही. पुढं बाहेरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या होत्या, काकूंनीच तिकडं घातलेल्या. त्यांच्यामागं आम्ही मुंगीच्या पावलांनी निघालो. घाटावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि तिथून वर बघितलं की पेठेच्या टोकाशी काकूंचं घर अगदी जवळ दिसत होतं.

गावाला मग अर्थ लावायला विषय मिळाला. कुणी म्हणालं, बाईंनी नवऱ्याला शेवटचं स्टँड दाखवलं, काय ती माया! कुणी म्हणालं, पुढच्या निवडणुकीची तयारी. कुणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झालाय. मला स्टँडचं पटलं होतं. तिथं मी रडलो होतो ना. भेटायला आलेल्या एका बाईनं ते काकूंसमोरच बोलून दाखवलं, तर काकू म्हणाल्या, "स्टँड? त्यास्नी स्टँडचा वीट आल्ता. रिटायर झाल्यापासून तिकडं तोंड केलं न्हवतं." झालं, तोही अर्थ गेला.

तेरावं झालं आणि सर्वसाधारण सभा आली. एकेरी मार्ग कायम करायचा ठराव होता. शेठच्या बाजूचे गप्प बसून होते. जिनं स्वतःचा माणूस वळसा घालून नेला, तिच्यापुढं तोंड कुठल्या तोंडानं उघडणार? ठराव वाचून झाला, हात वर जायला लागले, आणि काकू उभ्या राहिल्या.

"एक दुरुस्ती आहे," त्या म्हणाल्या. "'रुग्णवाहिका वगळून' असं आहे, तिथं 'रुग्णवाहिका व वैकुंठरथ वगळून' असं घ्या."

हात अर्ध्यावर थांबले. मुख्याधिकारी माझ्याकडं बघायला लागले, मी नकाशाकडं. शेठ तर उठून उभेच राहिले. "मॅडम, मी तेव्हा हेच म्हणत होतो! मग तेव्हाच का नाही घेतलं?"

पालिकेत कधी घरचं न बोलणाऱ्या काकू त्या दिवशी म्हणाल्या, "तवा न्हाई जमलं." आणि खाली बसल्या.

दुरुस्ती एकमतानं मंजूर झाली. बाहेर आल्यावर मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं, "काय भानगड आहे हो ही?" मी म्हटलं, सर, मी त्यांच्या घरात राहतो म्हणून मला कळतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी मोटर लावून खाली आलो तर काकू पायरीवर मेथी घेऊन बसलेल्या. मला राहवलं नाही. नियम मोडून मी घरात पालिकेचा विषय काढला.

"काकू, हे करायचंच होतं तर आधी का नाही केलं? त्या म्हातारीचा मुलगा तुम्हाला फाटकात येऊन शिव्या देऊन गेला."

हात वर होईल असं मला वाटलं. झाला नाही. त्या मेथीची पानं खुडत राहिल्या.

"गेल्ते मी त्याच्याकडं परवा," त्या म्हणाल्या. "म्हनलं, चुकलं माझं. तर त्यो म्हनला, काकू, तुमी तुमच्या मान्साला बी तसंच न्हेलं की, आता कशाला माफी मागता. माझ्याच पाया पडला. त्याला वाटलं, म्या नियमासाठी केलं."

"मग कशासाठी?"

"दुसऱ्यांची मानसं फिरवली, मग माझं सरळ कसं न्यावं? त्ये सोड. त्ये सोपं हुतं." त्यांनी काड्या बाजूला केल्या. "तू त्यो कागद म्होरं ठिवलास, तवा ह्ये आत खोकत हुते. सकाळी त्यास्नी पेज भरवून आल्ते मी. आन तितं लिवलेलं, गाडी सरळ जाईल म्हनून. कुनाची गाडी रे? गावाला ठावं हुतं, मला ठावं हुतं. मान्सानं अजून धुगधुगी धरलीया, आन बायकू त्याच्या गाडीचा रस्ता मंजूर करतीया. सही केली असती तर 'जावा आता' म्हनल्यावानी झालं असतं. न्हाई सुटलं माझ्या हातनं."

ती म्हातारी आठवली, ओल्या अंगानं आलेला तिचा मुलगा आठवला. काकूंचं चुकलं होतं, त्यांनाही ते माहीत होतं. आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तीच काट मारली असती. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतात, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता बदली होऊन मी नगरला आलो, अजूनही कळलेलं नाही.

"झालं पालिकेचं," काकू एकदम म्हणाल्या. "ऊठ, मोटर बंद कर. टाकी वाहतीया."

मी धावत जाऊन मोटर बंद केली. टाकी बराच वेळ वाहत असावी. पाणी जिन्यावरून अंगणात, अंगणातून फाटकाखालून रस्त्यावर गेलं होतं आणि उतार धरून सरळ नदीकडं निघालं होतं. काकू फाटकात जाऊन ते बघत उभ्या राहिल्या. एरवी एवढं पाणी वाया गेलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी पाणी उताराखाली दिसेनासं होईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या.